थेंब कुठला, गळती कुठली

वेसाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मढ लागते. इथला किल्ला मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतला. आज डोळ्यांत भरतात ते वलांडीवर वाळणारे बोंबील.

तिथे एका कोळी बंधूंचा मासळीचा ट्रक अडून उभा होता. दोनदा पॅकिंग बदलूनही इंजिनाचे ऑइल गळतच होते. मिस्त्री म्हणाला, "मागचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवू." मालक हवालदिल. मासळी वेळेत बाजारात गेली नाही तर मातीमोल!

मी म्हटले, "दादा, आधी इंजिन धुऊ या." डिझेलने धुऊन, पुसून खडूची पूड फासली. पंधरा मिनिटे इंजिन चालवले. पूड भिजली ती वर, टॅपेट कव्हरच्या कडेला. तिथून ऑइल मागे ओघळून सीलखाली ठिबकत होते. पण नवे पॅकिंग गळावे का? ब्रीदरची नळी काढली, तर काजळीने बुजलेली. आत कोंडलेला वायूच ऑइल बाहेर ढकलत होता. नळी साफ केली, पॅकिंग बदलले, गळती थांबली.

शेतकरी बंधूंनो, ट्रॅक्टर असो वा पाण्याचे इंजिन, थेंब पडतो तिथे नव्हे, निघतो तिथे शोधा. आणि तो का निघतो, हेही विचारा.