टिकल्यांचं रिव्हॉल्वर

पत्र्याचं ते रिव्हॉल्वर म्हणजे दोन फाका. ठशात दाबून काढलेल्या दोन बाजू, त्यांच्या कडांना बारीक कान, आणि एका बाजूचे कान दुसरीच्या खाचांत घालून आत दुमडलेले. स्क्रू नाही, रिबीट नाही. मुठीवर उधळलेल्या घोड्याचं उठावाचं चित्र, वर चंदेरी मुलामा. तो तुळशीच्या लग्नापर्यंत उडून जायचा. धरमतरच्या खाऱ्या हवेत घरांच्या छपरांचा पत्रा टिकत नसे, तिथे खेळण्याचा कुठून टिकणार! नळी पुढून बंद असे. तिच्यातून कधी काही बाहेर पडलं नाही. जे व्हायचं ते मागे, घोडा जिथे आपटायचा त्या एवढ्याशा ऐरणीवर. आणि तरी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अंबा नदीच्या या खाडीकाठी वाढलेल्या आम्हा पोरांना त्याच्याइतकी देखणी दुसरी वस्तू माहीत नव्हती.

दिवाळी आमच्याकडे भातकापणीला खेटून यायची. खारातलं भात पिवळं पडलेलं, घरातली मोठी माणसं विळे पाजळून तयार, आणि पोरांना मात्र पेणच्या बाजाराची ओढ. धरमतरहून वडखळ नाका, तिथून एसटीनं पेण. गणपतीच्या कारखान्यांतली भाद्रपदापर्यंतची धावपळ सरलेली असायची, पण त्या आळ्यांतून जाताना रंगाचा वास अजून यायचा. बाजारात दुकानाच्या तोंडाशी सुतळीत ओवलेली पिस्तुलं टांगलेली असत. आम्ही त्यांचा रंग बघत नसू. एकेक हातात घेऊन घोडा मागे ओढायचो आणि कान लावून ऐकायचो. आतली स्प्रिंग ताठ असेल तर आवाज कोरडा, खणखणीत येतो. ढिली असेल तर नुसता फटकन आपटल्यासारखा. दुकानदार ओरडायचा, आम्ही पुढचं उचलायचो.

टिकल्यांचे तीन प्रकार. सुटी टिकली, लाल कागदाची, मधोमध दारूचा फुगीर ठिपका. गोल पुठ्ठ्याच्या डबीत भरलेली. मग रोल. कागदाच्या अरुंद पट्टीवर ओळीनं ठिपके, आणि पट्टीची गुंडाळी पिस्तुलाच्या पोटात बसायची. पुढे आली प्लॅस्टिकची रिंग, आठ बारांची. सुट्या टिकलीला सगळ्यात जास्त कष्ट, म्हणून माझं प्रेमही तिच्यावरच जास्त. दर बाराला घोडा मागे, नखानं जळका कागद खरवडायचा, नवी टिकली बरोबर मध्ये ठेवायची, बोट काढून घ्यायचं, मग चाप. डबी पुरवायची असल्यानं उधळपट्टी नसे. पिस्तूल नसलेला पोरगा दोन बोल्ट आणि एक नट शोधून आणायचा, नटाच्या पोटात दोन्ही बोल्टांच्या मध्ये टिकली आवळायचा आणि ते सगळं दगडावर आपटायचा. आवाज आमच्यापेक्षा मोठा यायचा.

खरा शत्रू दमटपणा. खाडीवरून येणारी हवा रात्रीत टिकल्या सादळून टाकी आणि सकाळी घोडा पडला तरी नुसता धूर निघे. मग त्या सुपात पसरून अंगणात उन्हाला ठेवायच्या, कोंबड्या येऊ नयेत म्हणून धाकट्या बहिणीला राखणीला बसवायचं. राखणीचा मोबदला म्हणून तिला पाच बार मिळत. नेम धरण्यासारखं त्यात काही नसूनही ती एक डोळा मिटून, श्वास रोखून चाप ओढायची.

हे खेळणं आम्हाला इतकं जवळचं का वाटायचं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आवाजासाठी म्हणावं, तर लवंगीचा आवाज त्याहून मोठा. मारामारीच्या खेळासाठी म्हणावं, तर त्याला काठीही चालते, नुसतं बोटही चालतं. माझं उत्तर असं आहे की ते आमच्या मालकीचं पहिलं यंत्र होतं. घरातलं घड्याळ भिंतीवर उंच, त्याला किल्ली द्यायचा अधिकार वडिलांचा. सायकल मोठ्यांची. रेडिओला हात लावायचा नाही. या पत्र्याच्या वस्तूत मात्र एक कमान होती, एक तरफ होती, एक खटका होता, आणि ते तिन्ही आमचं ऐकायचे. चाप ओढला की आत काय सरकतं, काय अडतं, काय सुटतं, हे बोटाला कळायचं. रोलच्या पिस्तुलात तर एक इवलासा दात असे. घोडा मागे जाताना तो कागदाच्या पट्टीला बरोबर एक ठिपका पुढे ढकलायचा. अर्धा नाही, दीड नाही, एकच. तो दात झिजला की पट्टी अडकायची आणि सगळा दिमाख संपायचा.

आमच्यातला एक जण बार काढण्याआधी पिस्तूल उघडायचा. चाकूच्या टोकानं कान उचकटून दोन्ही फाका वेगळ्या करायचा आणि मांडीवर घेऊन बसायचा. स्प्रिंग तुटली तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा रबर लावून बघायचा. दात झिजला तर डब्याच्या पत्र्याचा नवा कापून बसवायचा. गंज चढू नये म्हणून खोबरेल तेलाचा थेंब. पुढे 90 च्या दशकात डोलवीला पोलादाचा कारखाना उभा राहिला तेव्हा तो तिथे फिटर म्हणून लागला. त्याला बघताना मला कधी नवल वाटलं नाही.

फिरती रिव्हॉल्वरं आम्हाला खरी कळली ती ‘शोले’मुळे. 1975 साली आलेला तो सिनेमा आमच्यापर्यंत उशिरा पोचला. गब्बर सहातल्या तीन गोळ्या हवेत उडवतो, फिरकी गरकन फिरवतो, आणि आता घोड्याखाली भरलेलं घर आहे की रिकामं, हे कोणालाच माहीत नसतं. पडद्यावरच्या त्या तीन माणसांच्या जिवाशी चाललेला खेळ भयंकरच होता, पण आमचे डोळे फिरकीवर. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांतून झुंजार आणि काळा पहाड आधीच भेटले होते, त्यांच्या खिशातली रिव्हॉल्वरंही. पण पुस्तकात रिव्हॉल्वर फक्त रोखलं जातं. ते आतून चालतं कसं, ते कोणी सांगत नाही.

ते मोठेपणी वाचलं, तेव्हा आनंद झाला. सॅम्युएल कोल्टनं 1836 साली अमेरिकेत ज्या रचनेचं पेटंट घेतलं, तिच्यात घोडा मागे ओढला की एक खटका फिरकीला एक घर पुढे सरकवतो. आमच्या आठ बारांच्या रिंगमागे तीच युक्ती होती. टिकलीची वंशावळ तर त्याहून जुनी. क्लोरेटच्या मिश्रणावर आघात केला की ते पेटतं, यावर अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं 1807 साली पेटंट घेतलं. हा पाद्री पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. आमच्या टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस एकत्र असत. काड्यापेटीत हे दोघे मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, एक काडीच्या गुलात, दुसरा पेटीच्या कडेला, आणि ते भेटले की जाळ होतो. टिकलीत त्यांची भेट आधीच झालेली, फक्त ठोका मिळायचा बाकी.

फोर्साइथच्या त्या शोधाचा दुसरा वारस माझ्या आजोळी, रोह्याच्या डोंगराकडच्या गावात, खुंटीवर टांगलेला होता. आजोबांची ठासणीची बंदूक. पीक राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली. नळीत दारू ठासायची, छर्रे घालायचे, आणि मागे बोंडीवर तांब्याची केप बसवायची. रानडुकरं भातात उतरली की आजोबा ती घेऊन माचावर जात. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आणि मग निकाल लागेपर्यंत डबे बडवून राखण. त्या बंदुकीचं आम्हाला कधी वेड लागलं नाही. ती जड होती, काळी होती, तिला एक उग्र वास होता. आजोबा एवढंच म्हणाले होते, “याला हात लावायचा नाय.” आम्ही लावला नाही. ज्याच्या पुढे खरोखर जीव जातो त्या वस्तूशी खेळावंसं मुलांना वाटत नाही, असं मी अनुभवानं म्हणतो.

टिकल्यांच्या डबीवर शिवकाशीचं नाव असे. तमिळनाडूतल्या त्या कोरड्या गावी 1923 च्या सुमारास अय्या नाडार आणि षण्मुग नाडार यांनी कलकत्त्याला शिकून आलेला काड्यापेट्यांचा धंदा सुरू केला. फटाके मागोमाग आले. आमच्या भिंतीवरची देवांची कॅलेंडरंसुद्धा बरीचशी तिथेच छापली जात. तेव्हा हे ठाऊक नव्हतं की त्या कारखान्यांत आमच्याच वयाची मुलं कामाला होती. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकानं 20,000 रुपये भरावेत असा आदेश दिला. तो निकाल वाचल्यापासून माझ्या आठवणीत त्या मुलांची बोटंही आली आहेत. त्यांच्या नखांत काय अडकत असेल, ते मला चांगलं कळतं.

2025 च्या दिवाळीत भोपाळकडे कार्बाइड गन नावाच्या पाइपांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. कार्बाइडवर पाणी टाकून वायू कोंडायचा आणि ठिणगी द्यायची. ते वाचून संताप येतो. त्या पाइपात ना घोडा, ना खटका, ना दात. मुलाला समजून घ्यावं असं त्यात काही ठेवलेलंच नाही. नुसता धडाका, आणि तोही तोंडाशी.

धरमतरला आता कोळशाचे आणि खनिजाचे बार्ज लागतात, डोलवीच्या भट्ट्यांचा उजेड रात्रभर आकाशात असतो. पेणच्या बाजारात रिंगची पिस्तुलं मात्र अजून मिळतात, प्लॅस्टिकची. राखणीला बसणाऱ्या त्याच बहिणीच्या नातीसाठी मी एक आणलं. तिनं आठही बार वाजवून घेतले, मग विचारलं, “आजोबा, आधी रिंग फिरते की आधी घोडा पडतो?” आम्ही स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं आणि रिकामी रिंग बसवून चाप हळूहळू ओढत गेलो. आधी रिंग फिरते. ती पुरती जागेवर येऊन अडली, की मगच घोडा सुटतो. तिनं ते स्वतः ओढून पाहिलं, आणि मग पाना घेऊन घोड्याची स्प्रिंगही काढायला घेतली.