आधी गज टाकून बघ

आमच्या घरी ठासणीची एकनळी बंदूक होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ साली आलं. कर्जतच्या डोंगरपट्टीत भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत खाचरं लोळवून जायची. आबा शेतातल्या माळ्यावर बसून नुसत्या दारूचा बार काढायचे. आवाजानं कळप पळायचा.

बार काढला की घरी येऊन नळी धुवायची, हा आबांचा नेम. मी नुकतीच दहावी दिली होती. एका सकाळी त्यांना बाजाराला जायचं होतं, म्हणून जाताना म्हणाले, "बंदूक पुसून ठेव रे."

मला वाटलं, पुसायची म्हणजे लख्ख करायची. सायकल दुकानातून पोलादी तारेचा ब्रश आणला, गजाला बांधला आणि रॉकेल ओतून तासभर खसाखसा घासलं. नळीच्या तोंडाला डोळा लावून बघितलं. आत आरसा!

चौथ्या दिवशी आतून तांबडी पूड निघाली.

त्याच आठवड्यात खालापूरहून मामा आले. ते पलटणीत होते. त्यांनी चिंधी फिरवली, बोटावर गंज चोळला आणि हसले. "भाच्या, जळलेल्या दारूचा क्षार मागं राहतो. तो हवेतली ओल ओढतो. रॉकेलानं तो विरघळत नाय, त्याला पाणीच लागतं. पलटणीतसुद्धा आम्ही थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत उकळतं पाणी ओतायचो. आणि ब्रश नळीपेक्षा मऊ पाहिजे. पितळेचा घे. पोलादानं ओरखडे पडतात, त्यांत ओल बसते."

मग त्यांनी करून दाखवलं. घोड्याखालची टोपी नाही ना ते बघितलं. चुलीवर आधण ठेवलं. टोपी बसते त्या बारीक भोकातून काळं पाणी जाऊन निर्मळ येईपर्यंत ओतलं. पाण्यानं नळी इतकी तापली की आतून आपोआप सुकली. मग कोरडी चिंधी, आणि शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल थंडीत थिजतं, म्हणून ते नको म्हणाले. पितळी ब्रश फक्त चिकटून बसलेल्या काजळीपुरता. रोज लागते ती चिंधीच.

संध्याकाळी आबांना गंजाचं सांगितलं. ओरडतील म्हणून मान खाली घालून उभा होतो. त्यांनी गंजाचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "आधी गज टाकून बघितलावतास का?"

आमच्या गजावर चाकूनं केलेली एक खूण होती. नळी रिकामी असली की गज त्या खुणेपर्यंत आत जातो. बार भरलेला असेल तर खूण चार बोटं वर राहते. मी ते बघितलंच नव्हतं, आणि वर नळीला डोळा लावला होता. बार नव्हता हे माझं नशीब, अक्कल नव्हे. आबा त्या रात्री जेवले नाहीत.

ओरखडे अजून आहेत. आबांच्या मागं परवाना माझ्या नावावर झाला. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परत आणेपर्यंत नळीला हलका गंज धरलेला असतो. त्याचं मला काही वाटत नाही, तो निघतो. घरी आणली की मुलाला हाक मारतो आणि त्याच्यासमोर पहिला गज टाकतो. खूण तोंडाशी टेकली, की मगच चुलीवर आधण.