बाकावरची जागा

भिवंडी
रविवार, संध्याकाळ

चि. सुहास,


तुमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दारावर लावायच्या पाटीसाठी चार ओळी मागितल्यास. पहिली, 'सर्वांचं स्वागत असो', पंचांनी ठरवलीच आहे. उरलेल्या तीन आत्याने लिहायच्या. आठवडा झाला, कागद कोराच आहे. म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली देते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत जायचे, तिथे एका रविवारी रात्रपाळी संपवून एक लूम कामगार उपासनेला आला. बारा तास मागावर उभा राहिलेला माणूस. केसांत, भुवयांवर कापसाची पांढरी तुसं. कुणीतरी म्हणालं, "या, बसा." आम्ही बाकावर सरकलो. मीही सरकले. जागा झाली, जरा जास्तच झाली. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक जण मावला असता. त्याला कुणी वावगं बोललं नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही.

माणूस जागा द्यायला सरकतो आणि अंग चोरायलाही सरकतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. शेजारी बसणाऱ्याला मात्र लगेच कळतं. आपण नगरकडची माणसं. आपल्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. निदान मला तरी हे समजायला हवं होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढून वाच. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला गेल्या त्या आपलं सोवळं बरोबर घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. त्यांनी यातलं काही झाकलेलं नाही. मग जातपात माणसांनीच केली हे त्यांचं त्यांना उमगलं आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. म्हणजे ताट आधी, बाप्तिस्मा नंतर!

टिळक तर त्याच्याही पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्तामागे चालणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. १९१९ मध्ये ते गेले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. पण त्यांनी रुजवलेलं भजन-कीर्तन आजही आपल्या उपासनेत आहे. येणाऱ्याला त्यांनी टाळ बाहेर ठेवायला सांगितलं नाही, घराचाच सूर बदलला.

एकत्र बसण्याचा हा धडा आमच्या भिवंडीला फार महाग पडला. १९७० आणि १९८४ च्या दंगली तू ऐकून आहेस. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. गल्लीतले हिंदू-मुसलमान पोलिसांसह एकत्र बसू लागले, कुरबुरी बोलून मिटवू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. एकोप्याच्या पाट्या इथे आधीही होत्याच. बसणं नवीन होतं.

उद्या तुमच्या दारात नवऱ्याने टाकलेली बाई येईल, तृतीयपंथी येईल, भोजपुरी बोलणारं कुटुंब येईल. पाटी वाचून आत येतील; पुन्हा यायचं की नाही, ते बाकावर ठरेल.

म्हणून तुझ्या तीन ओळी मी लिहीत नाही. त्याऐवजी दारापाशी उभ्या राहणाऱ्याच्या हातात एक वही दे. किती आले ते मोजू नका. जो एकदा आला आणि परत फिरकला नाही, त्याचं नाव तिच्यात लिहा आणि सोमवारी त्याच्या घरी जा.

मीही तशी वही सुरू केली आहे. पहिलं पान त्या कामगारासाठी ठेवलंय. ते कोरंच राहणार. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.

तुझी,
आत्या