हाका

माझ्या आज्याच्या उजव्या मांडीवर वीतभर व्रण आहे. लहानपणी त्यावर बोट फिरवीत मी झोपायचो. तो सांगायचा, "डुकराचा सुळा हाय बापू." मला वाटायचं, आजा शिकारी होता.

आजा शिकारी नव्हता. आजा हाक्यात होता.

मित्रांनो, हा फरक कळायला मला वीस वर्षं लागली. म्हणून लिहितो.

1968 चा मे. नवतपा तापलेला. मालगुजारी कायद्यानं 1951 मध्येच गेली होती, पण गावासाठी वाड्यातला माणूस मालगुजारच. त्याच्याकडे नागपूरहून पाहुणे आले, जीप घेऊन. त्यांना रानडुक्कर मारायचं होतं. पवनीच्या रानात कोणत्या नाल्यात पाणी उरलंय, हे वाड्याला ठाऊक नव्हतं. आज्याला होतं. डुकराला घाम फारसा येत नाही, उन्हात त्याला चिखल लागतोच. डबकी आटलेली, झाडं उघडी. ओलं डबकं सापडलं की डुक्कर सापडलं.

वाटाड्या आजा. वारा पाहून त्यानं पाहुण्यांना नाल्याच्या तोंडाशी सावलीत बसवलं. डुकराची नजर मंद, पण नाक तिखट. मग तो वळला आणि वस्तीतल्या अकरा जणांबरोबर दुसऱ्या टोकानं झुडपात शिरला. डोक्याला दुपट्टा, हातात काठी आणि टिनाचा डबा. सुरई पाहुण्यांजवळ. हाकेवाल्यांना डबक्याचं पाणी.

"आमी डुकरासंगंच पानी पेलो," आजा सांगतो आणि हसतो. मला हसू येत नाही.

डबे वाजले. मोठा एकटा नर उठला. बंदुकांकडे गेलाच नाही, उलटा फिरून हाक्यावर आला. सुळा खालून वर फाडत जातो. आज्याची मांडी उघडी पडली. मग केव्हातरी गोळी सुटली, डुक्कर पडलं. त्यावर बूट ठेवून पाहुण्यांनी फोटो काढला. चार पावलांवर आजा रक्तात बसलेला. फोटोत तो नाही.

मांस वाड्यावर गेलं, आतडी वस्तीत आली. जखमेत हळद भरली. मजुरी? हाक्याला कसली मजुरी!

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बोलावणं आलं. आजा म्हणाला, "मी येत नाई."

बस, एवढंच. पण त्यानंतर त्याला गावात कुणी कामावर घेईना. 1969-70 मध्ये पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याचं उत्खनन झालं. आजा लंगडत तिथं घमेली उचलायला गेला. मातीखालून बुद्धाचा स्तूप निघाला. आणि संध्याकाळी रोजी हातावर पडली.

आपले काही कार्यकर्ते सभेत सांगतात, धम्मामुळे त्यानं शिकार सोडली. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, खरं. 1956 ला बापाचं बोट धरून तो दीक्षाभूमीवर गेलाही होता. पण मी विचारलं तेव्हा म्हणाला, "डुकराची दया नाई आली बापू. मले माजीच दया आली."

हे वाक्य कुणी सुधारू नये. ज्या माणसाला स्वतःची किंमत कळली, तोच पुढं दुसऱ्या जिवाची किंमत करील. आधी डबा खाली ठेवायचा असतो.

1972 च्या कायद्यानं शिकारीवर बंधनं आली. आता त्या बाजूला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य आहे. डुकरं आमच्या धानात शिरतात आणि आम्ही रात्रभर जागून डबे वाजवतो. पण तो डबा आपल्या बांधावरचा, आपल्या दाण्यासाठीचा.

हाका मात्र बंद झालेला नाही. निवडणूक आली की जीप वस्तीत येते. आपल्यातलेच पुढारी उतरतात, पोरांच्या हातात झेंडे देतात, पुढं पळा म्हणतात. मलाही बोलावतात. मी आधी तीन गोष्टी विचारतो. बंदूक कुणाच्या हातात? सुरई कुणाजवळ? आणि फोटोत कोण?

उत्तर मिळालं नाही तर आज्याचंच उत्तर देतो. मी येत नाई.