स्टार कुणाला परवडतो?

ऊर्जा लेखापरीक्षकाचं काम बहुतेक वेळा वीज वापरणाऱ्याच्या बाजूने चालतं. साखर कारखाना असो, दूध संघ असो की शीतगृह, जाऊन मोजायचं आणि वीज कुठे वाया जाते ते लिहून द्यायचं. वीज खाणारं यंत्र जो बनवतो, त्याच्या जागी बसून हा सगळा खेळ कसा दिसतो, ते मला नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या पंप कारखान्यात कळलं.

कारखान्याचे मालक माझ्याहून वयाने बरेच मोठे. मी त्यांना काका म्हणतो, ते मला सर म्हणतात. क्रॉम्प्टनच्या मोटारींचा कारखाना नगरमध्ये आल्यापासून या एमआयडीसीत वाइंडिंग, रोटर, टर्निंग जाणणारे हात तयार होत गेले. त्या पिढीतले ते एक. दोन शेड, थोडे कामगार, बोअरवेलच्या सबमर्सिबल आणि विहिरीतल्या ओपनवेल मोटारी. पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, नेवासा या तालुक्यांतल्या दुकानांतून माल जातो. त्यांनी मला बोलावलं ते एका सरळ प्रश्नासाठी.

"सर, स्टार घ्यायचा म्हनतोय. घेतला तर काय हाती येईल न नाही घेतला तर काय जाईल, तेवढं मांडून द्या."

स्टार म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं, बीईईचं लेबल. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ब्यूरो २००२ पासूनचा, आणि लेबलची योजना मे २००६ मध्ये सुरू झाली. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, एसी, ट्यूबलाइट आणि वितरण रोहित्रांना ते जानेवारी २०१० पासून सक्तीचं झालं, छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून. शेतीपंपांचं लेबल मात्र ऐच्छिक आहे. घेतलं तर घ्या, नाही तर नका घेऊ. ज्या राज्यात विजेचा एवढा मोठा वाटा विहिरी-बोअरवर जातो, तिथे हे वाचून कुणालाही आश्चर्य वाटेल. मलाही वाटत असे. काकांकडे बसल्यावर त्यातली गुंतागुंत दिसली.

पंपाचं रेटिंग समजायला सोपं आहे. त्या आकाराच्या, त्या उंचीला पाणी देणाऱ्या पंपासाठी भारतीय मानक ब्यूरोने किमान कार्यक्षमता ठरवलेली असते. तिच्याइतकी भरली तर एक स्टार, आणि पुढे दर पाच टक्क्यांना एकेक वाढत जाऊन वीस टक्के जास्त भरली तर पाच. मोजायची ती पंप आणि मोटार या दोघांची मिळून कार्यक्षमता.

वीस टक्के म्हणजे किती, हे काकांना आकड्यात हवं होतं. आम्ही उदाहरण घेतलं: सेकंदाला पाच लिटर पाणी, चाळीस मीटर उंची. एवढं पाणी उचलायला लागणारी निव्वळ शक्ती जवळपास १.९६ किलोवॅट. एकूण कार्यक्षमता ४५ टक्के असेल तर मीटरमधून ४.३६ किलोवॅट ओढले जातात, ५४ टक्के असेल तर ३.६३. फरक पाऊण किलोवॅटच्या जरा आत. वर्षाला हजार तास मोटार चालली तर सातशेच्या वर युनिट वाचतात, आणि तेही पाण्याचा एक थेंब कमी न होता. एका मोटारीचं हे. एका गावात अशा किती मोटारी असतात हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढचा गुणाकार सांगायला नको.

मग आम्ही दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. ४५ वरून ५४ वर नेणारे हे नऊ टक्के आणायचे कुठून?

मोटारीत आणायचे तर स्टॅम्पिंग चांगल्या सिलिकॉन स्टीलचं, कोअरची लांबी जास्त, खाचेत तांबं जास्त, रोटरमध्ये ॲल्युमिनियमऐवजी तांब्याच्या सळ्या. यातली प्रत्येक गोष्ट वजनावर विकत घ्यावी लागते, आणि तांब्याचा भाव छोट्या कारखान्याला रोजच्या बाजाराने पडतो. मोठी कंपनी वर्षाचा करार करते. काका आठवड्याचा माल उचलतात.

पंपाच्या बाजूने आणायचे तर इम्पेलर आणि बाउलचं ओतकाम गुळगुळीत हवं, आतल्या रिंगांमधली फट नेमकी हवी, पात्यांचा आकार नीट काढलेला हवा. ही बाजू साहित्यात स्वस्त आणि कौशल्यात महाग. कास्टिंग कोल्हापूरहून येतं. पॅटर्न बदलायचा तर फाउंड्रीला सांगायचं, आणि काकांची ऑर्डर एवढी लहान की फाउंड्री म्हणते, रांगेत थांबा. म्हणजे मानक लावलं एका कारखान्याला आणि बदल करावा लागतो तीन गावांतल्या पाच जणांना. कागदावर हे कुठेच दिसत नाही. अशा मानकाचा खर्च मोजताना फक्त लेबल घेणाऱ्याला विचारून भागत नाही, त्याच्यामागच्या फाउंड्रीला, प्रेसवाल्याला, तार ओढणाऱ्यालाही विचारायला हवं, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

तिसरा खर्च चाचणीचा. लेबलसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, प्रत्येक मॉडेलची वेगळी नोंदणी आणि फी लागते. पुढे बाजारातून नमुना उचलून तपासणीही होऊ शकते. मोठ्या कंपनीचं एक मॉडेल हजारोंनी खपतं, तेव्हा हा खर्च नगामागे नाममात्र होतो. काकांची मॉडेलं बरीच, कारण पारनेरच्या खोल बोअरला वेगळे स्टेज लागतात आणि मुळा धरणाच्या लाभक्षेत्रातल्या विहिरीला वेगळी मोटार. प्रत्येक मॉडेल थोडंथोडंच खपतं. तोच नियम, तीच फी, पण नगामागचा भार कितीतरी पट.

चाचणी पूर्ण दाबावर होते, ४१५ व्होल्टवर. वाडीवस्तीवर, डीपीपासून दूर, रब्बीच्या हंगामात सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की तेवढा दाब येत नाही. काका पंचवीस-तीस वर्षं ऐकत आलेत ती तक्रार एकच, "मोटार जळाली." म्हणून त्यांची सगळी रचना कमी दाबात तग धरण्यासाठी आहे. चाचणीच्या टाकीत उत्तम गुण मिळवणारी मोटार आणि नेवाशाच्या शिवारात टिकणारी मोटार एकच असू शकते, पण त्यासाठी तांबं आणखी वाढतं.

"गिऱ्हाईक दुकानात काय विचारतं सांगू का?" काका म्हणाले. "पानी किती फेकती, जळंल का, न भरायला किती लागतील. स्टार किती, हे अजून कुनी विचारलं नाही."

गिऱ्हाईक ते का विचारत नाही, याचं उत्तर बिलात आहे. राज्यात शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं एचपीवर आणि सवलतीच्या दराने आकारली गेली. एचपीवर आकारणी असली की पाटीवर कमी एचपी आणि आत जास्त ताकद अशी मोटार लोकांना हवीशी वाटते, आणि तशा मोटारी बाजारात खपतातही. एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिलच नाही. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वर काढलेली सातशे युनिटं वाचली तर ती आता शेतकऱ्याच्या खिशात पडत नाहीत, सरकारच्या तिजोरीत पडतात. खर्च कारखानदाराचा, फायदा सरकारचा, आणि मध्ये उभं गिऱ्हाईक दोन्हींतून मोकळं. अशा ठिकाणी ऐच्छिक लेबल कसं वाढणार?

शेजारीच उलटं उदाहरण आहे. आपल्याच जिल्ह्यात सुप्याच्या एमआयडीसीत कॅरियर मिडियाचा एसीचा कारखाना आहे. एसीचं लेबल सक्तीचं, गिऱ्हाईक बिल भरणारं, आणि दर काही वर्षांनी पट्टी वर सरकते. २०१८ च्या कोष्टकात स्प्लिट एसीला पाच स्टारसाठी ४.५ चा कार्यक्षमता निर्देशांक लागायचा, जुलै २०२२ पासून ५ लागू लागला. आधीचा पाच स्टार तेव्हा चार झाला. हा बदल खरं तर जानेवारी २०२२ मध्ये होणार होता. उद्योगाने वेळ मागितली, सहा महिने मिळाले. मोठ्या उद्योगाचं म्हणणं दिल्लीत पोचतं. ते पोचावंच. नागापूरच्या दोन शेडचं म्हणणं पोचवायला कोण आहे, एवढंच मला विचारायचं आहे.

अमेरिकेत हे काम कायद्यानेच अंगावर घातलेलं आहे. तिथलं ऊर्जा खातं उपकरणाचं नवं मानक ठरवताना सात गोष्टी तपासतं, आणि त्यातली पहिलीच म्हणजे उत्पादक आणि ग्राहक यांच्यावरचा आर्थिक परिणाम. अधिकारी उत्पादकांच्या मुलाखती घेतात. डाय, साचे, यंत्रं बदलायला किती खर्च, नवी रचना आणि चाचणीला किती, रोजगाराचं काय होईल, हे वेगवेगळं काढतात. लहान उद्योगांचा स्वतंत्र विचार होतो, आणि एकाच वेळी दुसरे किती नियम त्याच कारखान्यावर येऊन पडताहेत हेही पाहतात. मानक जाहीर झाल्यावर तयारीला साधारण तीन ते पाच वर्षं मिळतात. आपल्या कायद्यात मानक जाहीर झाल्यापासून त्याखालच्या मालावर बंदी येईपर्यंत मुळात किमान दोन वर्षांची मुदत होती. २०१० च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांवर आली, गरज पडल्यास आणखी सहा. कोल्हापुरात नवा पॅटर्न बनवून, कास्टिंग आणून, चाचणी करून, दुकानांतला जुना माल संपवायला सहा महिने पुरत नाहीत. मोटारीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो, उन्हाळ्यात.

अमेरिकेच्या त्या प्रश्नांची मी मराठीत यादी केली आणि काकांसमोर ठेवली. प्रत्येक प्रश्नावर ते बराच वेळ बोलले. यातला कुठलाच प्रश्न त्यांना यापूर्वी कुणी विचारला नव्हता.

शेवटी निर्णय त्यांनी असा घेतला: लेबल आत्ता नको, पण पंपाच्या बाजूचे बदल करायचे. बाउलचं फिनिशिंग, रिंगांची फट, एका जास्त खपाच्या मॉडेलचा नवा इम्पेलर. मोटारीचं तांबं होतं तेवढंच ठेवलं. तीच मोटार त्याच उंचीला पाणी जास्त देऊ लागली, आणि "पानी किती फेकती" या प्रश्नाला त्यांच्याकडे चांगलं उत्तर आलं. लेबलविना झालेली ही वाढ सरकारच्या कुठल्याही आकडेवारीत येणार नाही.

दुसरी वाट सौर पंपांनी उघडली आहे, आणि मला खरी आशा तिथे दिसते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं पहिलं पाऊल आपल्याच राळेगणसिद्धीत पडलं, ती फीडर सौर करण्याची योजना. शेतावरच्या सौर पंपाची गोष्ट वेगळी. पाच एचपीच्या पंपाला ४,८०० वॅटचे पॅनेल ठरलेले असतात, आणि पंपाची कसोटी लागते ती पॅनेलच्या दर वॅटमागे दिवसाला किती लिटर पाणी मिळतं यावर. तिथे मोफत विजेचा आडोसा नाही. पंप सुस्त असेल तर शेतकऱ्याला त्याच दिवशी बांधावर कळतं. कार्यक्षमतेला गिऱ्हाईक मिळालं की छोटा कारखानदार बदल करायला तयार असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शेतीपंपांना लेबल सक्तीचं व्हावं, असं माझं मत आहे. काकांचा हिशेब मांडल्यानंतरही ते तसंच आहे. फक्त त्याआधी तीन गोष्टी हव्यात. तयारीला किमान दोन उन्हाळे मिळावेत. एकाच घराण्यातल्या मॉडेलांना एक चाचणी चालावी. आणि चाचणीची सोय जवळ असावी. कोइम्बतूरच्या पंप-मोटार कारखानदारांसाठी सिटार्क ही सामाईक चाचणी आणि संशोधन संस्था उभी आहे, तिथला लहान कारखानदारही आपली मोटार सायकल-टेम्पोवर टाकून तपासायला नेऊ शकतो. नगरच्या कारखानदाराला तेवढ्यासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागतं. महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेने, एमआयडीसीतल्या उद्योजकांच्या संघटनांनी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मिळून नागापूरला एक मान्यताप्राप्त चाचणी टाकी उभारावी. जागा आहे, जाणकार माणसं आहेत, तपासायला मोटारीही आहेत. संघटनांनी हा ठराव पुढच्या सभेत घ्यावा. त्यासाठी लागणारी आकडेमोड मी विनामोबदला करून देईन.