तेरची माती, चीनचे कासे

धाराशिवहून तेरला जाणारे बहुतेक लोक गोरोबाकाकांच्या समाधीसाठी जातात. मीही गेलो. दर्शन झाले, तेरणा पाहिली आणि मग गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात शिरलो.

तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव आहे. तगरचे कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि त्याच भडोचला बॅक्ट्रियामार्गे चीनचे रेशीमही येई.

कपाटातल्या सातवाहनकालीन मातीच्या बाहुल्यांपुढे पाय थांबले. पुढचा एक आणि मागचा एक, अशा दोन साच्यांत दाबून घडवलेल्या त्या. मला चीनच्या शांग राजवटीतली, तीन हजार वर्षांपूर्वीची काशाची पात्रे आठवली. त्यांचेही मूळ मातीतच! आधी मातीचा नमुना, त्यावरून मातीचे साचे, नक्षीही मातीतच कोरायची; मग साच्याचे तुकडे जुळवून आत रस ओतायचा.

त्या पात्रांवर डोळे वटारलेला, बहुधा खालचा जबडा नसलेला एक चेहरा असतो. ‘ताओतिए’ हे त्याचे नाव पुष्कळ नंतरचे. पुढच्या पंडितांना त्यात अधाशीपणाला दिलेली ताकीद दिसली. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावरचे कीर्तिमुख आठवा. तोही बिनधडाचा चेहरा. भुकेपायी स्वतःचेच अंग खाऊन उरलेला.

शांगांनंतरच्या चौ राजवटीत पात्रांवर लांब लेख येऊ लागले. पात्र कोणी केले, कोणासाठी केले ते सांगून शेवटी पुष्कळदा एकच मागणे असे: मुलानातवंडांनी हे जपावे आणि सदैव वापरावे.

इथे मला आजीचे काशाचे ताट आठवले. तिच्या लग्नात माहेरून आलेले, काठावर अक्षरे टोचलेली. घरात स्टीलची भांडी आली तेव्हा मीच ते मोडीत घातले. आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “त्यावरचं नाव तरी वाचलंस का रे?”

वाचले नव्हते. आज ते सांगणारे घरात कोणी उरले नाही.

तेरहून परतल्यावर फडताळातली एकुलती एक काशाची वाटी काढली, चिंचेने घासली. काठावर पुसट अक्षरे आहेत. वाचकहो, दिवाळीला भांडी काढाल तेव्हा मोडीचा ढीग वेगळा करण्याआधी काठ एकदा वाचून पाहा.