पाचवी दोरी

धाराशिवकडच्या माणसाला समुद्र परका असतो, पण दोरी मात्र जन्मापासून ओळखीची असते. आमच्या जिल्ह्यात पाणी पाहायचे ते विहिरीत वाकून, आणि त्या पाण्यापर्यंत पोचायचे ते दोरीच्या आधाराने. म्हणूनच आमच्या बोलीत दोरी या एका वस्तूला कितीतरी नावे आहेत. बैलाला कासरा, गाईला दावे, पोहऱ्याला चऱ्हाट, मोटेला नाडा. ज्याचे काम वेगळे, त्याचे नाव वेगळे. दोऱ्या किती आहेत यापेक्षा कोणती दोरी कोणत्या कामाची आहे, हे आमच्या वाडवडिलांना अधिक महत्त्वाचे वाटत असावे. हा विचार आमच्या मनात नव्याने आला तो एका अगदीच अनपेक्षित निमित्ताने.

आमच्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा गोव्यात एका हॉटेलात नोकरी करतो. तिथे त्याला काइटसर्फिंग या खेळाचा नाद लागला. पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि डोक्यावर दहा-बारा चौरस मीटरचा प्रचंड पतंग; वारा पतंगाला ओढतो आणि पतंग माणसाला पाण्यावरून पळवतो. पेडणे तालुक्यातील मोरजी आणि आश्वे या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत दुपारी वायव्येकडून वारा सुटतो, तेव्हा असे पतंग आकाशात दिसतात. शिक्षण पुरे झाल्यावर भाच्याने स्वतःसाठी जुना संच विकत घ्यायचे ठरवले. दोन संच त्याच्या ऐपतीत बसत होते. एकाच्या दांडीला चार दोऱ्या होत्या, दुसऱ्याच्या दांडीला पाच. पाच दोऱ्यांचा संच जुन्या घडणीचा आणि स्वस्त. चार दोऱ्यांचा अलीकडचा आणि थोडा महाग.

मेहुणे जाऊन सहा वर्षे झाली आहेत. बहिणीने आम्हाला गाठले आणि म्हणाली, "दादा, तू एकदा जाऊन बघून ये. चार दोऱ्या काय अन् पाच काय, मला त्यातलं कळत नाही. पण वेळ आली तर त्याला सुटता आलं पाहिजे, एवढं बघ." तिच्या या एका वाक्यात साऱ्या विषयाचे मर्म होते, हे आम्हाला पुढे कळले. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही गोव्याला गेलो.

हा पतंग आपल्या संक्रांतीच्या पतंगासारखा कागद-कामट्यांचा नसतो. त्याची पुढची कड म्हणजे हवा भरून फुगवलेली जाड नळी असते. तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये अशा फुगीर पतंगाचे पेटंट घेतले. पतंगाला चार दोऱ्यांनी आवरण्याची कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातले शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. तेही आपले पतंग चार दोऱ्यांनीच वळवत असत.

वाळूवर बसून भाचा आम्हाला एकेक दोरी समजावून देऊ लागला, तेव्हा आम्हाला लहानपणीची मोट आठवली. मोटेला दोन दोर असत. जाड नाडा पाण्याचा सारा भार उचलून आणी. बारीक सोंदूर मोटेच्या सोंडेला बांधलेला असे आणि पाणी कोठे सांडायचे ते तो ठरवी. सोंदुराची लांबी चुकली, तर मोट थारोळ्यापर्यंत पोचण्याआधीच रिकामी होई. पतंगाचेही तसेच. मधल्या दोन दोऱ्या पुढच्या कडेला बांधलेल्या असतात. त्या दांडीच्या भोकातून खाली येऊन कंबरपट्ट्याच्या आकड्याला मिळतात आणि बहुतेक भार त्याच वाहतात. तो झाला नाडा. बाहेरच्या दोन दोऱ्या पतंगाच्या मागच्या कोपऱ्यांपासून निघून दांडीच्या दोन टोकांना येतात. डावे टोक ओढले की पतंग डावीकडे वळतो. दांडी छातीकडे घेतली की ओढ वाढते, दूर सारली की कमी होते. तो झाला सोंदूर. प्रत्येक दोरी वीस ते चोवीस मीटर लांब, आणि दिसायला इतकी बारीक की तिच्यावर कोणी आपला जीव सोपवील यावर विश्वास बसू नये.

मग पाचवी दोरी कशासाठी? ती पुढच्या कडेच्या बरोबर मध्यभागी बांधलेली असते. जुन्या घडणीचे पतंग इंग्रजी सी अक्षरासारखे खोल वाकलेले असत. त्यांची कड मधोमध सावरून धरायला ही दोरी उपयोगी पडे आणि पाण्यात पालथा पडलेला पतंग उलटवून पुन्हा उडवायलाही तिची मदत होई. पण तिचे खरे काम संकटाच्या वेळी. माणसाने कमरेजवळची सुटकेची कळ ढकलली की चारही दोऱ्या सैल पडतात आणि पतंग एकट्या पाचव्या दोरीवर निशाणासारखा फडफडत राहतो. वारा असतो, पतंगही असतो, पण ओढ उरत नाही. २००५ च्या सुमारास मात्र पसरट धनुष्याच्या आकाराचे पतंग बाजारात आले. ते दांडी दूर सारताच बरेचसे निवळतात आणि बाहेरची एक दोरी ओढली की पाण्यावरून सहज उठतात. त्यामुळे पाचव्या दोरीची गरज कमी झाली. तिचे सुटकेचे काम मधल्या दोनपैकी एका दोरीकडे आले. कळ ढकलली की दांडी त्या एका दोरीवरून वर सरकत जाते आणि पतंग तिच्यावरच फडफडत राहतो.

भाच्याचा ओढा पाच दोऱ्यांकडे होता. "मामा, एक दोरी जास्त म्हणजे एक आधार जास्त," तो म्हणाला. त्याच्या आईनेही तेच म्हटले असते. पण त्याला शिकवणाऱ्या तरुणाचे म्हणणे वेगळे पडले. पतंग कोलांटी खाऊन आपल्याच दोऱ्यांतून आरपार गेला, तर पाचवी दोरी त्याच्या अंगाभोवती गुंडाळली जाऊ शकते. मग पतंग धड उडत नाही, धड पडतही नाही. गरगर फिरत ओढतच राहतो. शिवाय जितक्या दोऱ्या जास्त, तितकी रोजची तपासणी जास्त. वाळू आणि मीठ दोरीला आतून खातात. आणि पाच दोऱ्यांसाठी घडवलेला पतंग चार दोऱ्यांच्या दांडीवर उडवून चालत नाही. पतंग आणि दांडी ही जोडी असावी लागते.

आम्ही एवढेच सांगितले की दोन्ही संचांची कळ आमच्यासमोर ढकलून दाखवावी. वाळूवर, वारा बेताचा असताना, भाच्याने ती ढकलली. दोन्ही पतंग शांतपणे खाली आले. पण जुन्या संचाची कळ वाळूने जड झाली होती. ती दोनदा ढकलावी लागली. नव्या संचाची कळ एका हाताच्या एका झटक्यात सुटली. या सुटकेच्या यंत्रणेसाठी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही ठरले आहे. आयएसओ २१८५३ हा त्याचा क्रमांक. निर्णय त्या क्षणी झाला. चार दोऱ्यांचा संच घेतला गेला. दोऱ्यांची संख्या नव्हे, तर सगळे सोडून दिल्यावर हाती काय उरते आणि ते किती लवकर उरते, ही कसोटी आम्हाला पटली.

वाचकांच्या मनात येईल की सगळ्याच दोऱ्या सोडून पतंग जाऊ द्यावा, संपले! तशी सोयही असते. कमरेची शेवटची दोरी सोडण्यासाठी दुसरी कळ असते. पण ती अगदी शेवटची. संक्रांतीचा पतंग गुल झाला तर पोरांना तो लुटायला मिळतो. हा पतंग सुटला तर किनाऱ्यावरच्या कोणा अनोळखी माणसाच्या अंगावर दोऱ्यांसकट जाऊ शकतो. आपल्या गावातही नायलॉन मांजाने रस्त्यावरच्या माणसांचे गळे आणि पाखरांचे पंख कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. ज्याच्या हाती दोरी आहे त्याने दोरीच्या दुसऱ्या टोकाचाच नव्हे, तर वाटेत येणाऱ्यांचाही विचार करायचा असतो.

परतल्यावर बहिणीने पहिला प्रश्न केला, "किती दोऱ्या?" आम्ही "चार" म्हणताच तिचा चेहरा उतरला. तेव्हा तिला आम्ही विहिरीची आठवण करून दिली. याच भाच्याला आम्ही विहिरीत पोहायला शिकवले, तेव्हा त्याच्या कमरेला एकच दोर होता आणि आम्ही काठावर त्याचे टोक धरून उभे होतो. दोर ताठ धरला असता तर पोरगा कधीच पोहायला शिकला नसता. सोडून दिला असता तर ती उभीच राहिली नसती. तो सैल होता, पण होता. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दोरी एक असली तरी चालेल. पण भीतीच्या वेळी माणूस हातातलं घट्ट धरतो, दादा. त्याचा हात सोडायला धजेल का?"

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दुकानात मिळत नाही. घाबरलेला माणूस दांडी छातीशी घट्ट ओढून धरतो आणि नेमकी त्यानेच पतंगाची ओढ वाढते. म्हणून आम्ही भाच्याकडून तीन गोष्टींचा शब्द घेतला आहे. पाण्यात उतरण्याआधी रोज वाळूवर एकदा कळ ढकलून पाहायची, म्हणजे हाताला सोडण्याची सवय राहील. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असताना पाण्यात जायचे नाही. आणि किनाऱ्यावर ओळखीचे कोणी असल्याशिवाय पतंग उडवायचा नाही. तो दर रविवारी आईला फोन करतो, तेव्हा ती अजून वाऱ्याचे, पतंगाचे काही विचारत नाही. "कळ ढकलून पाहिलीस ना?" एवढेच विचारते. तो "हो" म्हणतो, आणि मग ती त्याच्या जेवणाखाणाची चौकशी करते.